आईबापाचा गट एक, लेकराचा दुसरा : असे का होते?

दवाखान्यातून रक्त तपासणीचा कागद घरी येतो. बापाचा रक्तगट 'ए', आईचा 'बी' आणि लेकराचा मात्र 'ओ'! झाले, घरात कुजबुज सुरू होते. ना आईचा, ना बापाचा, मग हा गट आला कोठून? सासूच्या कपाळाला आठी पडते, नवरा अबोल होतो आणि काडीचाही अपराध नसलेल्या सुनेला खाली मान घालून वावरावे लागते. शेतकरी बंधू-भगिनींनो, अशी वेळ कोणाच्याही घरी येऊ नये म्हणून रक्तगटाचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. तो फार अवघड नाही.

सर्व माणसांचे रक्त दिसायला तांबडेच. पण ते एकसारखे नसते. व्हिएन्ना शहरातील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे दाखवून दिले. पुढे १९३० साली त्यांना या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील तांबड्या पेशींवर दोन प्रकारच्या खुणा असू शकतात. एक 'ए' आणि दुसरी 'बी'. एकच खूण असेल तर गट त्या खुणेचा. दोन्ही असतील तर 'एबी', आणि एकही नसेल तर 'ओ'. न जुळणारे रक्त चढवले तर पेशी फुटतात व रोग्याच्या जिवावर बेतते. म्हणून रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहतात.

आता हा गट मुलाकडे येतो कसा? असे समजा की, प्रत्येक माणसाजवळ रक्तगटाच्या दोन दाण्यांची जोडी असते. शास्त्रात त्यांना जनुके म्हणतात. जोडीतला एक दाणा आईकडून येतो, एक बापाकडून. 'ए' आणि 'बी' हे दाणे आपला गुण दाखवतात. 'ओ' दाणा मुका असतो. त्यामुळे 'ए' गटाच्या माणसाजवळ दोन्ही दाणे 'ए' असतील, किंवा एक 'ए' आणि त्याच्या आड लपलेला एक 'ओ' असेल. 'बी' गटाचेही तसेच. आईचा लपलेला 'ओ' आणि बापाचा लपलेला 'ओ' एकत्र आले की, लेकरू 'ओ' गटाचे होते. गोठ्यातही हे दिसते. काळ्या-पांढऱ्या होलस्टीन गाय-वळूच्या पोटी कधीमधी तांबडे-पांढरे वासरू निघते. तो तांबडा रंग दोघांत लपलेलाच असतो.

काही जोड्या पाहा. आई 'ए' व बाप 'बी' असतील तर मुले चारही गटांची होऊ शकतात. दोघेही 'ए' असतील तर मुले 'ए' किंवा 'ओ'. दोघेही 'ओ' तर मुले 'ओ'. एक 'ओ' आणि दुसरा 'एबी' असेल तर मुले 'ए' किंवा 'बी', म्हणजे बहुधा एकाही लेकराचा गट आईबापांशी जुळत नाही!

या हिशेबालाही अपवाद आहेत. त्यातला एक आपल्या मुंबईतच सापडला. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक शोधले की, ज्यांच्या पेशींवर 'ए' वा 'बी' खूण बसायला लागणारा पायाच नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट 'ओ' दिसतो. पण त्यांना 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. त्यांच्याजवळ लपलेला 'ए' किंवा 'बी' दाणा मात्र मुलांत प्रकट होऊ शकतो. जगभर याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. शिवाय नमुन्यांची किंवा कागदांची अदलाबदलही होते. तेव्हा हिशेब जुळला नाही तर आधी तपासणी पुन्हा करून घ्या. नुसत्या रक्तगटाच्या कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नका.

आता 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' यांविषयी. ही आर-एच नावाची वेगळी खूण आहे. नवरा-बायकोचा गट एकच असला तर मूल होत नाही किंवा अधू होते, ही समजूत खोटी आहे. जपायचे ते एवढेच की, आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईचे शरीर त्याच्याविरुद्ध द्रव्य तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. पण पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी ते द्रव्य नष्ट करू लागते. कावीळ होते, कधी बाळ पोटातच दगावते. लोक मग करणी-भानामतीला दोष देत बसतात.

यावर 'अँटी-डी' नावाचे इंजेक्शन आहे. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते आईला द्यावे लागते. गरोदरपणी सातव्या महिन्याच्या सुमारासही देतात. गर्भपात झाला तरीही डॉक्टरांना विचारायला विसरू नका.

म्हणून सून गरोदर आहे असे कळताच तिचा रक्तगट तपासून घ्या. ती निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही तपासा आणि कागद जपून ठेवा. त्याच कागदाने पुढचे बाळ वाचते.