मांगूर विषारी नाही, मग बंदी कशासाठी?

मांगूरच्या तळ्यांवर मत्स्यव्यवसाय खात्याने कारवाई केली, जेसीबीने खड्डे काढून मासे पुरले, अशी बातमी अधूनमधून येते. कधी उजनीच्या फुगवट्याकाठच्या इंदापूर तालुक्यातून, कधी भिवंडीकडून. बातमीमागोमाग मोबाइलवर संदेश फिरू लागतात: हा मासा खाल्ला की कॅन्सर होतो, याच्या मांसातच विष असतं. या धुरळ्यात बंदीचं खरं कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

मांसात विष असतं, तर नायजेरियाने हा मासा केव्हाच टाकून दिला असता. तिथल्या मत्स्यशेतीचा हाच मुख्य मासा. नेदरलँड्स आणि हंगेरीतही तो बंदिस्त टाक्यांमध्ये वाढवतात आणि खातात. आपल्याकडे तक्रार आहे ती त्याला काय खाऊ घालतात याबद्दल. कत्तलखान्यातला टाकाऊ माल, मेलेल्या कोंबड्या, सडकं मांस गढूळ डबक्यात लोटलं तरी तो जगतो आणि वाढतो. अशा पाण्यातल्या माशात जड धातू साचू शकतात, ही भीती खोटी नाही. पण त्याच पाण्यात रोहू वाढवला तर तोही सुटणार नाही. केंद्र सरकारने 2000 साली या माशाच्या शेतीवर बंदी घातली ती मुख्यतः आपल्या नद्या-तळ्यांतल्या माशांच्या काळजीने. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करण्याबद्दल कडक भूमिका घेतली, तेव्हा बंदी जवळपास वीस वर्षांची झाली होती. म्हणजे ‘आता नवीनच काहीतरी काढलंय’ असं म्हणणाऱ्यांचंही चुकतंच.

लोक त्याला थाई मांगूर म्हणतात, पण त्याचं मूळ घर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा काही भाग. शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपायनस. थायलंडने तो नेला, तिथल्या स्थानिक मांगुराशी त्याचा संकर करून मोठा धंदा उभा केला. भारतात तो बांगलादेशमार्गे चोरट्या वाटेने आला आणि बंगालमधून देशभर पसरला. थायलंडच्या धंद्याची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही: संकरातून आलेली आफ्रिकी जनुकं तिथल्या नैसर्गिक पाण्यातल्या देशी मांगुरातही सापडली आहेत.

आपला देशी मांगूर वेगळा. तो अंगाने लहान आणि सावकाश वाढणारा. पावशेराचा व्हायलाच त्याला बरेच महिने लागतात. आफ्रिकी भाऊबंद तेवढ्या काळात सहज किलोच्या पुढे जातो आणि मोकळ्या पाण्यात दीड मीटरहून लांब, साठ किलोपर्यंत होऊ शकतो. देशी मांगूर आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, बिहारचा तो राज्यमासा आहे आणि त्याची शेती पूर्णपणे कायदेशीर आहे. बाजारात दोन-तीन किलोचा, अंगावर राखाडी-काळे ढग असलेला मासा ‘देशीच आहे’ म्हणून कुणी पुढे केला, तर विश्वास ठेवू नका.

‘आफ्रिकी मांगूर फक्त मांस खातो’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यातून आपण धोका कमी समजतो. निव्वळ शिकारी माशाला भक्ष्य संपलं की उपाशी राहावं लागतं. आपली मरळ शिकारीच आहे, आणि तिच्यासोबत आपले बाकीचे मासे शतकानुशतकं नांदले. मांगूर मासे, बेडूक, गोगलगायी, किडे खातो, पाण्यात पडलेली फळं-बिया खातो, आणि कल्ल्यांतल्या दाट काट्यांच्या गाळणीने पाण्यातले सूक्ष्म जीवही गाळून घेतो. एक खाणं संपलं की दुसऱ्यावर जातो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात त्याने पाणपक्ष्यांनाही गिळलं, आणि त्याला बाहेर काढायला वनखात्याला मोहिमा घ्याव्या लागल्या.

‘आमच्या तळ्यातून तो जाणार कुठे?’ असं पाळणारे म्हणतात. जाऊ शकतो. कल्ल्यांच्या वर त्याला हवेतून श्वास घेणारा झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो. पावसाळी रात्री, अंग ओलं राहील तोवर, छातीच्या परांतले काटे टेकवत तो जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. गावात फिरतो, माणसांवर धावतो, या मात्र थापा. आणि खरं तर त्याला सरपटायचीही गरज पडत नाही. एका पुरात बांध फुटला की झालं. पाण्याची वाट मिळाली की तो किती लांब जातो, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेतच आहे. तिथल्या ऑरेंज नदीचं पाणी ग्रेट फिश नदीत नेणारा सुमारे 83 किलोमीटरचा बोगदा 1975 मध्ये सुरू झाला आणि त्यातून हा मासा नव्या खोऱ्यात जाऊन बसला. मायदेशातच तो पाहुणा ठरला.

मग परदेशी मासा म्हणजे वाईटच का? तसंही नाही. ग्रास कार्प आणि सिल्व्हर कार्प 1959 मध्ये सरकारनेच आणले. भिगवणला ज्या चिलापीवर लोक ताव मारतात, तीही मूळची आफ्रिकेची, 1952 पासून आपल्याकडे. चिलापीने स्थानिक माशांचं नुकसान केलंच, फक्त ती ताटात रुळल्याने आपण ते विसरलो. प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि मांगुराच्या हिशेबात तोट्याची बाजू फारच जड आहे. स्वस्त खाद्य, कमी ऑक्सिजनमध्येही तग, दाटीवाटीत वाढ, झटपट पैसा: शेतकऱ्याला तो का परवडतो हे उघड आहे. बंदी कागदावर राहिली तीही याचमुळे, आणि देशी मांगुराचं बीज सहज मिळालं तरच यातले काहीजण तिकडे वळतील.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. बाजारात हा मासा घेऊ नका. आणि नदीत किंवा धरणात गळाला लागलाच, तर दया म्हणून परत पाण्यात सोडू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.