शेजाराचा अर्थ

शेर दोन ओळींचा असतो. पहिली ओळ एक सांगते, दुसरी वेगळेच काही. आणि अर्थ तयार होतो तो मधल्या मोकळ्या जागेत, ऐकणाऱ्याच्या मनात. चित्रपटाचा ट्रेलरही हेच करतो, हे मला फार उशिरा उमगले.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच तुकडा त्याने कधी सुपाच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा शोक. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता.

दोन-अडीच तासांचा चित्रपट ट्रेलरमध्ये दोन-तीन मिनिटांत येतो. एका प्रसंगातल्या प्रश्नाला दुसऱ्याच प्रसंगातले उत्तर जोडलेले असते. मध्येच पडदा काळा होतो, मोठ्या अक्षरांत चार शब्द उमटतात, ढोल वाजतो. प्रेमकथेत हे चालून जाते. फसलो तर तिकिटाचे पैसे जातात, इतकेच. पण डोक्यावरची टोपी, अजानचा सूर आणि पाठोपाठ किंकाळी, असे तुकडे जोडले की काय होते? आरोप कुणीच केलेला नसतो. वाक्य आपणच पूर्ण करतो. लहानपणापासून ज्या सुराने मला जाग येते, तो कुणासाठी तरी भीतीची खूण होऊन बसतो.

२०२४ मध्ये ‘हमारे बारह’ या चित्रपटाच्या जाहिरातीवरून वाद झाला. १३ जूनला सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवले. नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला. तो मुस्लिमांविरुद्ध नाही, स्त्रियांच्या उन्नतीविषयी आहे, असे त्यांचे मत झाले आणि १९ जूनला काही बदलांसह परवानगी मिळाली. ट्रेलर मात्र त्यांना आक्षेपार्ह वाटला. प्रमाणपत्राआधीच तो दाखवल्याबद्दल निर्मात्यांना ५ लाख रुपये भरावे लागले.

न्यायमूर्तींनी अख्खा चित्रपट पाहून मत बनवले. आपल्यापैकी अनेकजण मोबाइलवर फक्त ट्रेलर पाहतात आणि मत मात्र अख्खे बनवतात. म्हणून पुढचा ट्रेलर पाहताना एकदा आवाज बंद करून पाहा. मग स्वतःला विचारा, या दोन दृश्यांच्या मधले काय काढून टाकले असेल?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)