मानेतील अरुंद वाट

पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवा. तळहात जमिनीकडे करून हात पुढे धरा. मूठ घट्ट मिटा आणि लगेच सारी बोटे ताठ उघडा. असे जितक्या जलद जमेल तितक्या जलद १० सेकंद करा. निरोगी माणसाची मूठ या वेळात २० किंवा अधिक वेळा उघडते व मिटते. वयाबरोबर हा आकडा थोडा उतरतो.

डॉक्टर मंडळी हीच साधी चाचणी मानेच्या एका विकारासाठी वापरतात. हाताचा मानेशी काय संबंध? तोच आज पाहू या.

नळी आणि तिच्यातील दोरी

आपल्या मानेत ७ मणके असतात. (जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच!) प्रत्येक मणक्यात एक मोठे छिद्र असते. मणके एकावर एक रचले की या छिद्रांची नळी बनते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूने हातापायांना दिलेले हुकूम आणि त्वचेने मेंदूला दिलेली वर्दी यांची सारी ये-जा याच वाटेने होते.

मोठ्या माणसाच्या मानेत या नळीची पुढून मागे रुंदी साधारण १७ मिलिमीटर असते, तर रज्जूची जाडी ८ मिलिमीटरच्या आसपास. उरलेल्या जागेत आवरणे व द्रव असतो. म्हणजे निसर्गाने थोडी जागा राखून ठेवली आहे. रुंदी १३ मिलिमीटरच्या खाली आली, की वाट अरुंद झाली असे मानतात. १० च्या खाली ती फारच अरुंद. यालाच डॉक्टर 'सर्व्हायकल स्टेनोसिस' म्हणतात.

वाट अरुंद का होते? दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. वयाबरोबर तिच्यातील पाणी कमी होते, ती चपटी होते आणि मागे फुगते. मणक्यांच्या कडांवर हाडांची टोके वाढतात. नळीच्या मागील बाजूचे बंध जाड होतात. मान मागे टाकली की हे बंध आत दुमडतात आणि जागा आणखी कमी होते. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. ज्याची ओसरीच लहान, त्याला एक पेटी ठेवली तरी अडचण व्हायचीच!

फांदी दबली की खोड?

आता महत्त्वाचा मुद्दा. रज्जूतून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या फांद्या फुटतात. फांदी दबली, तर मानेपासून एका हातात कळ जाते, मुंग्या येतात. हे दुखणे त्रासदायक खरे. पण बहुतेकांना औषधे, व्यायाम आणि काही आठवड्यांचा धीर यांनी आराम पडतो.

खोड, म्हणजे खुद्द रज्जू दबला, तर गोष्ट वेगळी. पुष्कळदा दुखत काहीच नाही! शर्टाची बटणे लावताना वेळ लागतो. तांदूळ निवडताना खडा चिमटीत येत नाही. अक्षर बिघडते. अंधारात चालताना तोल जातो. पुढे लघवीवरचा ताबाही सुटू शकतो. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, की पाय नेहमीपेक्षा जोराने उडतो. कारण मेंदूचा लगाम सैल पडलेला असतो.

घरातले म्हणतात, "म्हातारपण, दुसरे काय!" आणि मौल्यवान वेळ निघून जातो.

तराजूची दोन पारडी

समजा, तुमच्या आजोबांना हा विकार निघाला. शस्त्रक्रिया करावी की नाही?

केवळ एम.आर.आय. चित्र पाहून हे ठरत नाही. कित्येक वृद्धांच्या चित्रात वाट अरुंद दिसते, पण त्यांना कसलीच तक्रार नसते. म्हणून हात, चाल, स्पर्श आणि लघवी यांना १८ पैकी गुण देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार १४ किंवा कमी गुण असल्यास शस्त्रक्रिया करावी; १५ ते १७ गुण असल्यास शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायामोपचार, यांपैकी एक निवडावे. मात्र व्यायामाने सुधारणा झाली नाही किंवा गुण घसरले, तर पुन्हा विचार करावा.

शस्त्रक्रियेच्या वाटा अनेक. पुढून जाऊन चकती काढतात व तेथे हाडाचा तुकडा बसवून मणके जोडतात. किंवा मागून नळीचे छप्परच काढतात. १९७० च्या दशकात जपानी शल्यविशारदांनी एक नामी युक्ती काढली. छप्पर न काढता एका बाजूला बिजागरी ठेवून ते दारासारखे उघडायचे!

एका पारड्यात शस्त्रक्रियेचे धोके असतात: जंतुसंसर्ग, काही काळ गिळायला त्रास, आवाज बसणे, खांद्यात अशक्तपणा आणि क्वचित रज्जूलाच इजा. दुसऱ्या पारड्यात थांबण्याचा धोका असतो. काहींची प्रकृती वर्षानुवर्षे तशीच राहते, तर काहींची पायरी-पायरीने उतरते. मेलेल्या मज्जापेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेचा पहिला हेतू घसरण थांबवणे हा असतो. पुष्कळांना त्याहून अधिक लाभ होतो, पण त्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

थांबायचे ठरले तर

पडणे हा मोठा शत्रू. अरुंद वाटेत एका हिसक्यानेही रज्जूला इजा होते. म्हणून रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा हवा, हातात काठी हवी. डोक्यावर ओझे घेऊ नये. न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेणे तर कटाक्षाने टाळावे. व्यायाम तज्ज्ञाने शिकवलेलेच करावेत.

आणि तुम्ही काय करू शकता? एक वही घाला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आजोबांच्या दोन्ही हातांचे १० सेकंदांचे आकडे लिहा आणि त्याखाली त्यांना त्यांची सही करायला सांगा. निदान डॉक्टरच करतील. पण "बरे आहे" आणि "बरे नाही" या शब्दांपेक्षा सहा महिन्यांचे आकडे त्यांना अधिक सांगतील. आकडा घसरू लागला किंवा सही वाकडी होऊ लागली, तर पुढच्या पहिल्या तारखेची वाट पाहू नका. वही घेऊन आजोबांबरोबर डॉक्टरांकडे जा.