महाभियोग : न्याय की मतांची बेरीज?

राष्ट्राध्यक्षाला पदच्युत करण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने न्यायालयाकडे न देता काँग्रेसकडे दिला. आरोप ठेवायचा तो प्रतिनिधिगृहाने, साध्या बहुमताने. निवाडा करायचा तो सिनेटने, उपस्थितांच्या दोनतृतीयांश मतांनी. महाभियोगाचे सारे राजकारण या तरतुदीत सामावलेले आहे. प्रतिनिधिगृहात बहुमत असलेल्या विरोधी पक्षाला आरोप ठेवणे सोपे असते. परंतु अध्यक्षाच्या स्वपक्षीयांनी हात दिल्यावाचून त्याला घालवणे जवळजवळ अशक्य असते. १८६८ ते २०२१ या काळात तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग चालला आणि चारही वेळा आरोपी सुटला, याचे मर्म येथे आहे.

१८६८ साली अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. हवी होती छत्तीस मते, पडली पस्तीस. अध्यक्षाविरुद्ध उठलेल्या रिपब्लिकन पक्षाच्याच सात सिनेटरांनी त्यांना दोषी ठरवण्यास नकार दिला. त्यामागे कायद्याविषयीच्या शंका होत्या, तसाच एक व्यवहारी हिशेबही होता. उपाध्यक्षपद रिक्त असल्याने जॉन्सन यांच्या जागी सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड आले असते. आणि वेड यांची चढ्या आयात-जकातीची व सैल चलनाची मते अनेक रिपब्लिकनांना मानवणारी नव्हती. ‘हा नको’ म्हणताना ‘मग कोण?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

१९७४ साली हिशेब उलटा झाला. वॉटरगेट प्रकरणातील ध्वनिफिती उघड झाल्यावर ७ ऑगस्ट रोजी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट व जॉन ऱ्होड्स हे तिघे रिपब्लिकन नेते रिचर्ड निक्सन यांना भेटले. सिनेटमध्ये पाठीराखे फारच थोडे उरले आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. दोन दिवसांनी निक्सन पायउतार झाले. प्रतिनिधिगृहात मतदान घेण्याची वेळही आली नाही.

याउलट १९९८ साली बिल क्लिंटन यांच्यावरील कारवाईचा भार आरोप करणाऱ्यांवरच पडला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिनिधिगृहात पाच जागा अधिक मिळाल्या आणि सभापती न्यूट गिंग्रिच यांना पद सोडावे लागले. तरीही डिसेंबरमध्ये महाभियोग मंजूर झाला. पण फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटमध्ये एकाही डेमोक्रॅटने अध्यक्षाविरुद्ध मत दिले नाही.

२०२१ सालचे उदाहरण अधिक बोलके आहे. ६ जानेवारीला संसद-भवनावर झालेल्या हल्ल्यानंतर डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग आला. प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकनांनी त्याला पाठिंबा दिला. सिनेटमध्ये सात जण फुटले. सत्तावन्न विरुद्ध त्रेचाळीस मते पडली. सदुसष्टला दहा कमी. रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल यांनी ट्रम्प यांना घटनेबद्दल जबाबदार धरले, परंतु पद सोडलेल्या व्यक्तीवर सिनेटचा अधिकार चालत नाही, असे म्हणून मत निर्दोषत्वाच्या बाजूने टाकले. पुढे २०२२ साली त्या दहांपैकी चौघांनी निवडणूकच लढवली नाही, चौघे पक्षांतर्गत उमेदवार-निवडणुकीत हरले; दोघेच परत निवडून आले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर स्वपक्षीय अध्यक्षाविरुद्ध मत देण्याची किंमत आता प्रतिनिधीला स्वतः मोजावी लागते, आणि लाभ मात्र साऱ्या राष्ट्राचा असतो. असा व्यवहार करणारे थोडेच असणार. दोनतृतीयांशाची अट पक्षीय सूडाला आळा घालण्यासाठी होती. दोन्ही पक्ष घट्ट बांधले गेल्यावर तीच अट अपराध्याचे कवच ठरू शकते. म्हणून ती शिथिल करावी काय? तसे केल्यास प्रत्येक अध्यक्ष काँग्रेसच्या बहुमताचा ओलीस होईल. तेव्हा उपाय कलमात नाही. पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या प्रतिनिधीला त्याचाच मतदार घरी बसवणार की पुन्हा निवडून देणार, यावर हे शस्त्र चालणार की गंजणार हे ठरेल.