हाताच्या पिशवीने दिला जाणारा श्वास

मण्यार चावल्याच्या जागी बहुधा सूजही दिसत नाही. परंतु काही तासांत रुग्णाच्या पापण्या जड होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय मात्र चालू असते. अशा वेळी रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास पुरविला गेला, तर रुग्ण वाचू शकतो. हे कार्य प्रशिक्षित कर्मचारी ‘अंबू’ पिशवीच्या साहाय्याने करतात.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून रुग्णांना जगविले. पुढे होल्गर हेसे व हेनिंग रूबेन यांनी आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी तयार केली. ती १९५६ साली बाजारात आली.

या साधनाचे यश हातांच्या कौशल्यावर अवलंबून असते. रुग्णास उताणे निजवून त्याच्या डोक्यामागे बसावे व हनुवटी वर उचलावी. मुखवट्याचे निमुळते टोक नाकाच्या दांड्यावर ठेवावे. अंगठा व तर्जनी मुखवट्यावर, तर उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर असावीत. मुखवटा चेहऱ्यावर न दाबता जबडाच मुखवट्याकडे उचलावा. बोटे हनुवटीखालच्या मऊ भागात रुतल्यास हवेची वाट बंद होते. दोघे उपस्थित असल्यास एकाने दोन्ही हातांनी मुखवटा धरावा व दुसऱ्याने पिशवी दाबावी.

प्रौढांच्या पिशवीत सुमारे दीड लिटर हवा मावते. एका श्वासास अर्ध्या लिटरच्या आसपास पुरते. म्हणून पिशवी पूर्ण पिळू नये. छाती किंचित उचललेली दिसेल इतकीच ती एक सेकंदभर दाबावी. नाडी चालू असलेल्या प्रौढास दर सहा सेकंदांनी एक, म्हणजे मिनिटाला दहा श्वास द्यावेत. घाबरून भराभर दाबल्यास हवा पोटात शिरते, उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका संभवतो. शिवाय छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. छाती हलत नसेल, तर जोर वाढविण्याऐवजी प्रथम मान व मुखवटा यांची स्थिती सुधारावी.

प्रशिक्षणाशिवाय ही पिशवी हाताळू नये. सर्पदंश होताच ग्रामस्थांनी जखम कापू नये, आवळून बांधू नये व मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रुग्णास शांत ठेवून १०८ क्रमांकावर त्वरित कळवावे. पिशवीतील श्वास वेळेवर पोहोचणे हे त्या एका दूरध्वनीवर अवलंबून असते.