मोडक, शाहू
मोडक, शाहू : (१९१८–९३). मराठी व हिंदी चित्रपटांतील गायक-अभिनेते. जन्म अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे, ख्रिस्ती कुटुंबात. भालजी पेंढारकरांच्या श्यामसुंदर (१९३२) या बोलपटात ते कृष्ण झाले. पुढे ही भूमिका त्यांनी अनेक चित्रपटांत केली. शांतारामांच्या माणूस (१९३९) मध्ये मात्र वेश्येत जीव गुंतलेला पोलीस शिपाई गणपत त्यांनी रंगविला. त्यांच्या अभिनयाचा खरा कस येथेच लागला. लगेच पुढच्या वर्षी ‘प्रभात’ने त्यांना संत ज्ञानेश्वर मध्ये नायक केले. ज्ञानेश्वरीचे स्थान नेवासे त्यांच्याच जिल्ह्यातील. भिंत चालविण्याचा चमत्कार युक्तिछायाचित्रणाने साधला होता; मुद्रेवरील निश्चल शांती मात्र नटाची होती. ‘देवमाणूस’ या प्रतिमेने गणपत झाकोळला.