घरच्या शेडमधलं वेल्डिंग : वीज, धोका आणि उशिरा येणारी साक्ष



या व्याख्यानमालेत आपण एरवी ज्ञान म्हणजे काय, खात्री कशाची धरावी, अशा प्रश्नांवर बोलतो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला वेल्डिंगचं काय पडलंय? पण जरा थांबा. पाच-सहा किलोचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता ऑनलाइन मागवता येतं. निवृत्त झालेले लोक, शेतकरी, हौशी तरुण, सगळेच ते घेतात. बंगल्याच्या गाडी ठेवायच्या शेडमध्ये फाटक दुरुस्त होतं, कुंड्यांचा स्टँड तयार होतो. हाताला काम मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. आमची हरकत मशीनला नाही. मशीन चालवताना आपण कशावर विश्वास ठेवतो, एवढंच आज तपासायचं आहे.

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधनं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यात प्रत्यक्षाचा मान पहिला. विस्तवाला बोट लागलं की चटका बसतो, हात आपोआप मागे येतो. म्हणजे इजा आणि तिची खबर एकाच वेळी येते. आपला सगळा संसार या भरवशावर चालतो. वेल्डिंगमध्ये नेमका हाच भरवसा तुटतो. इथली खबर कधी तासांनी येते, कधी येतच नाही. म्हणून इथे डोळे उघडे ठेवणं पुरेसं नाही, आधी अनुमान करावं लागतं.

आधी थोडी वीज

टाकीतल्या पाण्याची उपमा तुम्ही शाळेत ऐकली असेल. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट, वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट, कामाचा वेग. उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी फसवते. नळ गळला तर फरशी ओली होते आणि आपल्याला कळतं. वीज गळली तर फरशी कोरडीच राहते.

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. वेल्डिंग मशीन हा व्यवहारातला मोडवाला समजा. जास्त दाबाची थोडी वीज घेतो आणि कमी दाबाची पुष्कळ वीज देतो. १०० अँपिअरवर काम चाललं असेल तर ज्योतीपाशी व्होल्ट असतात साधारण २४. गुणाकार २,४०० वॅट. आता तुम्ही म्हणाल, १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट २३० ला ३,६८० वॅट देतो, मग अडचण कुठे? अडचण अशी की मशीन स्वतः काही ऊर्जा खातं, म्हणून आत ३,००० वॅट जावे लागतात. शिवाय साधी मशीन वीज सलग न ओढता झटक्यांनी ओढतात, त्यामुळे वायरीतला प्रवाह हिशेबापेक्षा वाढतो. सगळं धरलं तर १०० अँपिअरच्या कामाला भिंतीतून १८ अँपिअरच्या आसपास लागतात. ८० अँपिअरवर हाच आकडा १४-१५ येतो. म्हणजे कारागीर ज्याला बारा नंबरचा रॉड म्हणतात तो घरच्या पॉवर पॉइंटवर कसाबसा चालतो. दहा नंबरचा रॉड जाळायचा असेल तर मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, चार एमएमची लाइन इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्यावी. मशीनवर २०० आकडा छापलाय म्हणून तुमचं घर तेवढं द्यायला बांधलेलं नाही. वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय, तोही एकदा बघा.

आणि एक्स्टेन्शन! वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. २० मीटर लांबीच्या 'एक एमएम' वायरीतून १८ अँपिअर नेले तर त्या वायरीतच २२० वॅट जळतात. शंभर वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब त्या वायरीत कोंबल्यासारखं आहे. वायर सरळ पसरलेली असेल तर ऊब निघून जाते. रिळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या आत साचते आणि आवरण वितळतं. म्हणून वायर किमान अडीच एमएमची, होईल तितकी आखूड, आणि पूर्ण उलगडलेली हवी.

एमसीबी कुणाचं रक्षण करतो?

हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारतो. उत्तर येतं, 'आपलं.' नाही. एमसीबी वायरीचं रक्षण करतो. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला तासभरही पडत नाही, कारण तो तसाच बनवलेला असतो. तेवढ्या वेळात सैल झालेला प्लग काळा पडू शकतो. म्हणजे 'एमसीबी पडला नाही, म्हणून सगळं ठीक आहे' हे अनुमान खोटं आहे.

माणसाचा हिशेब तर वेगळाच. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सुटत नाही. पन्नास-शंभरला हृदयाची लय बिघडू शकते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. एमसीबीला तुम्ही दिसतच नाही! तुम्हाला बघणारं उपकरण वेगळं, त्याचं नाव आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली की ते लाइन तोडतं. घरात ते बसवलेलं असावं, आणि त्याचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं.

पण आरसीसीबीचीही नजर एका सीमेपर्यंतच. मशीनच्या आत वीज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे चुंबकीय क्षेत्रातून जाते, तारेने नाही. त्यामुळे होल्डरच्या बाजूला तुम्हाला धक्का बसला तर भिंतीवरच्या आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. आणखी एक उलटी गोष्ट ऐका. ज्योत चालू असताना होल्डरवर वीस-पंचवीस व्होल्ट असतात. ज्योत विझली की ते साठ-ऐंशीवर चढतात. म्हणजे मशीन शांत असतं तेव्हा धक्क्याची शक्यता जास्त. घामाने भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. सत्तर व्होल्ट भागिले हजार, म्हणजे सत्तर मिलिअँपिअर. मे महिन्यात ओल्या फरशीवर गुडघे टेकून, उघड्या हाताने रॉड बदलणाऱ्या माणसाने हा भागाकार करून बघावा. कोरडे चामडी हातमोजे आणि पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट, एवढ्याने तो आकडा फार खाली येतो.

'अर्थ' कोणता?

भाषेचा घोळ किती महाग पडतो, त्याचं हे उदाहरण. आपले कारागीर दोन वेगळ्या गोष्टींना 'अर्थ' म्हणतात. एक, प्लगची तिसरी जाड पिन, जी मशीनच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. दुसरी, कामाला लावायचा क्लॅम्प, जो वेल्डिंगचा प्रवाह मशीनकडे परत आणतो. 'क्लॅम्प लावलाय ना, मग अर्थ आहे,' असं म्हणून तिसरी पिन तोडली जाते. मग आत कधी २३० व्होल्टची वायर पत्र्याला टेकली तर मशीनची पेटीच जिवंत होते. उलट बाजूने, क्लॅम्प कामाला न लावता लांबच्या ग्रिलला लावला, तर शंभर अँपिअर परतीची वाट शोधत घरभर हिंडतात. वाटेत घराची अर्थिंगची बारीक तार आली तर ती जळते. म्हणून क्लॅम्प कामालाच, जोडाच्या जवळ, रंग खरवडून लावायचा.

उशिरा येणारी साक्ष

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

पहिली साक्ष डोळ्यांची. ज्योतीचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीचं असतं, आणि तिच्यातून अतिनील किरण निघतात. ते दिसत नाहीत आणि लागताना दुखतही नाहीत. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. यालाच आपण 'वेल्डिंग लागलं' म्हणतो. मग कुणी दूध घालतं, कुणी बटाट्याची चकती ठेवतं. तसं काही करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मास्कची काच या कामाला दहा ते अकरा नंबरची लागते. साधा काळा गॉगल चालत नाही. तो उजेड कमी करतो, म्हणून बाहुली मोठी होते, आणि किरण पूर्ण अडले नाहीत तर आणखी आत शिरतात. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून उलटलेले किरणही लागतात, तेव्हा दारात उभं राहून गंमत बघणारं मूलही या हिशेबात धरा.

दुसरी साक्ष श्वासाची. जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो जळला की पांढरा धूर येतो. त्या वेळी फार तर खोकला येतो. चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. पावसाळ्यात घरचे म्हणतात मलेरिया असेल. डॉक्टरांना 'आज जीआय वेल्ड केलं' हे सांगायला हवं, नाहीतर त्यांना सुचणार कसं? उपाय सोपा आहे. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढा, उघड्यावर काम करा, आणि डोकं धुरात घालू नका. क्लोरिन असलेल्या द्रावणाने भाग पुसून वेल्डिंग तर कधीच नको. त्यातून फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला. त्याचाही परिणाम तासांनी दिसतो.

तिसरी साक्ष आगीची. ठिणगी दहा मीटरपर्यंत उडू शकते. ती पोत्यात, भुशात, जुन्या गादीत शिरली की लगेच ज्वाळा दिसत नाही, आत धुमसत राहते. तोवर आपण हात धुऊन जेवायला बसलेलो असतो. न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात. इथे धूर दिसायच्या आधी अनुमान करायचं आहे. म्हणून स्कूटर, पेट्रोलचा डबा, रंग, थिनर आधी बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत येते. रिकामं पिंप किंवा जुनी टाकी वेल्ड करू नका. 'रिकामं' म्हणजे वाफेने भरलेलं. आणि काम संपल्यावर तासभर शेडमध्ये अधूनमधून फेरी मारा.

'आजपर्यंत काही झालं नाही'

हे सगळं सांगितलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'वीस वर्षं करतोय, आजपर्यंत काही झालं नाही.' बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ च्या आपल्या एका पुस्तकात कोंबडीचं उदाहरण दिलं आहे. रोज दाणे टाकणारा हात आला की तिला वाटायचं, दाणे मिळणार. शेवटी त्याच हाताने तिची मान मुरगळली. मागच्या दिवसांची संख्या म्हणजे पुढच्या दिवसाची हमी नव्हे. शिवाय वेल्डिंगमध्ये 'काही झालं नाही' याचा अर्थ बऱ्याचदा 'अजून कळलं नाही' इतकाच असतो.

आणि कुणाला झालं नाही, तेही विचारा. मास्क वेल्डरच्या तोंडावर असतो. फाटकाचा अँगल धरून उभा राहिलेला मदतनीस मान वळवून, डोळे मिटून घेतो. त्याला ना हिशेब ठाऊक, ना 'मला मास्क द्या' म्हणण्याचा अधिकार. धोका पत्करणारा एक आणि तो भोगणारा दुसरा, हा मग हौसेचा प्रश्न राहत नाही, नीतीचा होतो. दुसरा मास्क नसेल तर दुसरा माणूस जवळ नको, हा नियम आम्हाला बाकी सगळ्या नियमांच्या वर वाटतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*पेसमेकर बसवलेला आहे, छोटं काम केलं तर चालेल का?* केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याचा पेसमेकरवर परिणाम होऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, त्यांनी होकार देईपर्यंत मशीनजवळही उभे राहू नका.

*पैसे थोडे आहेत, आधी काय घ्यावं?* मशीन थोडं लहान घ्या आणि उरलेल्या पैशांत हे बसवा : आरसीसीबी, दोन मास्क, चामडी हातमोजे, बंद बूट, अंगभर सुती कपडे आणि पावडरचं अग्निशामक. टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. आणि कुणाला धक्का बसलाच, तर त्याला ओढायला धावू नका, आधी मेन स्विच बंद करा. तो कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आज रात्री जेवायच्या आधी दाखवून ठेवा.